अर्जातलं पहिलं नाव

महानंदा सायकलवर बसायची ती पळत पळत. दांड्याची, चोवीस इंची, पुरुषमाणसाची सायकल. ती दोन्ही हातांनी धरून पाच-सहा पावलं पळायची, डावा पाय पायडलवर टेकवून दोन उड्या मारायची आणि ओढणी दातांत धरून उजवा पाय दांड्यावरून पलीकडे न्यायची. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. तिला त्याचं काही नसे. उतरल्यावर मात्र ती कुणाशी बोलायची नाही. आधी सायकल खांबाला नाहीतर जाळीला लावायची, साखळी घालायची, कुलूप लावायची आणि ते दोनदा ओढून बघायची. एकदा ओढलं की कळतंच, मग दुसऱ्यांदा कशाला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "पयल्यांदा कुलपासाठी, दुसऱ्यांदा माझ्यासाठी."

मी नांदेडची. आई-वडील दोघंही शिक्षक. दहावीला बरे मार्क पडले आणि मला अकरावीला लातूरला धाडायचं घरात ठरलं. त्या वर्षांत चांगले मार्क पडलेल्या प्रत्येक घरात हेच ठरत होतं. भूकंप होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. लातूरच्या गल्ल्यागल्ल्यांत क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, घरांवर पोरींसाठी खोल्या चढत होत्या, आणि क्लास सुटला की रस्त्यावर सायकलींशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. गावाच्या अगदी कडेला एका घराच्या माडीवर मला खोली मिळाली. खोलीत आधीच एक मुलगी होती. तिनं माझी पेटी उचलून आत ठेवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का? तोंड कामून उतरलंय?" ती महानंदा.

तिचं गाव औशाच्या पुढे, भूकंपात पडलेल्या गावांपैकी एक. वडील शिंपी होते. सायकलच्या कॅरियरवर मशीन बांधून ते आठवडी बाजार करायचे. त्यासाठी त्यांनी लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांचं हातभर रुंद कॅरियर करून घेतलं होतं. भूकंपात वडील गेले, मशीन गेलं. सायकल गोठ्याच्या मागे होती म्हणून राहिली. हे सगळं तिनं मला एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. आई आणि धाकटा भाऊ नव्या वसाहतीत राहत होते. लातूरला निघताना आईनं तिला दोन गोष्टी दिल्या, वडिलांची सायकल आणि अभ्यास सोडून दुसरं काही करायचं नाही अशी ताकीद.

तिच्या बोलण्याची मला सुरुवातीला गंमत वाटायची. मी म्हणायची, "काय करून राहिलीस?" ती म्हणायची, "काय करू लालीस?" एकमेकींच्या बोलीवर आम्ही हसायचो. पण अभ्यासाला बसली की ती हसायची नाही. फिजिक्सचं गणित चुकलं तर ती खोडायची नाही. बाजूला लिहायची, 'चुकलं', आणि खाली पुन्हा सोडवायची. खोडलं की चूक कुठं झाली ते सापडत नाही, असं तिचं म्हणणं. माझ्या वहीत खाडाखोडच जास्त होती.

सायकल ती मला मागितली की द्यायची, कधी नाही म्हणाली नाही. फक्त किल्ली हातात देताना म्हणायची, "वडून बघ." बारावीची दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी सायकल घेतली. प्रॅक्टिकलच्या वहीची झेरॉक्स काढायची होती. दुकानासमोर खांब होता, पण त्याला आधीच कुणीतरी सायकल लावली होती. मी आमची सायकल भिंतीला टेकवली. साखळी सीटखाली गुंडाळलेलीच होती. तिला नेहमी तेल असायचं, आणि मी त्या दिवशी पांढरा ड्रेस घातला होता. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून मी तशीच आत गेले. आत नांदेडच्या दोन मुली भेटल्या. शाळेच्या गोष्टी निघाल्या. बाहेर आले तेव्हा भिंत रिकामी होती.

मी समोरच्या पानवाल्याला विचारलं, गल्लीच्या दोन्ही टोकांना पळत गेले, वापस आले. मग चालत खोलीकडे निघाले. चार-एक किलोमीटरचा तो रस्ता. निघताना मला नुसती भीती वाटत होती. अर्ध्या वाटेवर भीतीच्या जागी एक वाक्य तयार झालं होतं, आणि माडीच्या जिन्याशी पोहोचेपर्यंत ते पाठही झालं होतं.

तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "कुलूप लावलं हुतंस?" मी म्हणाले, "हो." "दोनदा वडून बघितलंस?" मी म्हणाले, "हो. साखळी तोडून नेली." आणि मी रडायला लागले. ते रडणं खरं होतं, एवढंच मी आज म्हणू शकते. तिनं मला पाणी दिलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू कामून रडू लालीस? चोरानं नेली, तू न्हाई नेलीस."

लगेच ती मला घेऊन त्या दुकानाशी गेली. तोडलेली साखळी तिथंच कुठंतरी पडली असणार असं तिला वाटत होतं. तिनं भिंतीच्या कडेची नाली काडीनं उकरून पाहिली, दगड उलटून पाहिले. मीही तिच्यासोबत वाकून शोधत होते. जी साखळी कुणी तोडलीच नव्हती, तिचे तुकडे शोधत होते. शेवटी ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "साखळी बी घेऊन गेलाय बघ. लई पक्का दिसतोय." मी मान हलवली. मग मी तिला किल्ली दिली. ती तिनं कंपासपेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथले हवालदार वयस्कर होते. त्यांनी बिल मागितलं. बिल घरात होतं आणि घर पडलं, असं महानंदानं सांगितल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही, तक्रार लिहून घेतली. तेवढ्यात आणखी दोन मुलं आली, त्यांच्याही सायकली गेलेल्या. बाहेर पडल्यावर महानंदा म्हणाली की हे असं एकेकट्यानं येऊन भागायचं नाही. चोरीमागं पोलीस धावतील, पण सायकली लावायला राखणीची जागाच नसेल तर उद्या पुन्हा चोरी होईल. क्लासवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, सायकली रस्त्यावर लागतात, रस्ता आमचा नाही. ते तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि जिना उतरताना मला म्हणाली, "रस्ता पालिकेचा, सायकल आपली, मंग चोर कुणाचा? इचारायला पायजे."

तेव्हापासून तिच्या हातात एक दोनशेपानी वही आली. क्लास सुटायच्या वेळी ती फाटकाशी उभी राहायची. सायकल गेलेल्या मुलामुलींची नावं, सायकलीचा रंग, कुठून गेली, किती वाजता गेली, सगळं लिहून घ्यायची. शेवटचा रकाना होता, 'कुलूप होतं का'. मुलं आधी हसली, मग स्वतःहून नावं सांगायला यायला लागली. महिन्याभरात तीन पानं भरली.

राखणीच्या सायकल स्टँडसाठी पालिकेला अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा तिनं वही पुढ्यात घेतली आणि ज्यांच्यापुढे 'कुलूप नव्हतं' असं होतं ती नावं अर्जातून वगळली. दहा-बारा तरी असतील. मी म्हटलं, राहू दे, तेवढीच संख्या वाढेल, तिथं कोण तपासायला बसलंय. ती म्हणाली, "अर्जात खोटं नको. लपवाछपवी बी नको. कुलूप न लावता गेली तर साहेब म्हणणार, तुमचीच चूक. अन् एकाचं तसं निघालं की सगळ्यांचं खरं वाया जातंय."

त्या वगळलेल्या नावांत उदगीरकडची एक मुलगी होती. घरात कानडी बोलणारी, मराठी जपून जपून बोलायची. तिनं आपण होऊन सांगितलं होतं की त्या दिवशी ती घाईत होती, कुलूप लावायचं राहिलं. नाव काढल्याचं महानंदानं तिला स्वतः जाऊन सांगितलं. ती मुलगी वहीकडे बघत उभी राहिली. माझ्यासारखं बोलली असती तर तिचं नाव राहिलं असतं. महानंदानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "खरं बोललीस, चांगलं केलीस. पर नाव न्हाई घेता येत, माय." मुलगी मान हलवून निघून गेली.

माझं अक्षर चांगलं म्हणून अर्ज मी लिहिला. महानंदा सांगत गेली आणि मी उतरवत गेले. यादीत पहिलं नाव तिचं होतं. त्यापुढे मी लिहिलं, 'साखळी व कुलूप लावलेले असताना.' अक्षर अगदी वळणदार आलं. मला तेच आठवतं आणि तेच सहन होत नाही.

पालिकेत आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्यांदा बैठक होती. तिसऱ्यांदा आत बोलावलं. आम्ही पाच जण होतो, पण बोलणार महानंदा होती. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. त्यांची स्वतःची मुलगी क्लासला जात होती म्हणे. मग चष्मा काढून ते म्हणाले की पोरं सायकली कशाही फेकून आत पळतात, कुलपं लावत नाहीत, हे ते रोज बघतात. पालिकेनं राखण तरी कशाकशाची करायची? महानंदा म्हणाली, "साहेब, कुलूप न लावलेल्यांची नावं यात न्हाईत. ती आमीच काढलीत. पयलं नाव माझं हाय. माझ्या गाडीला साखळी हुती, कुलूप हुतं." त्यांनी विचारलं, तू स्वतः लावलं होतंस का? ती म्हणाली, "माझ्या मैत्रिणीनं लावलं. मी लावले काय अन् हिनं लावलं काय, एकच हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चौघं जण माझ्या बाजूला उभे होते. सांगायला तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. फार तर अर्जातलं एक नाव कमी झालं असतं, बाकीची सगळी खरीच होती. मी म्हणाले, "हो सर. दोनदा ओढून बघितलं होतं."

त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "कुलूप लावूनही सायकल जात असेल तर ते आम्हाला बघावं लागेल." त्यांनी शब्द पाळला. महिन्याच्या आत क्लासच्या गल्लीच्या तोंडाशी पडीक जागेला तारेचं कुंपण झालं, वर पत्रा आला, खुर्ची टाकून एक राखणदार बसला. सायकल ठेवली की तो नंबरचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा. पहिल्या दिवशी मुलांनी महानंदाला उचलायचंच बाकी ठेवलं. क्लासच्या सरांनी वर्गात तिचं आणि माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. ती लाजून बाकाखाली बघत होती. मीही खाली बघत होते.

त्या स्टँडवर ठेवायला तिच्याकडे सायकल नव्हती. ती रोज त्याच्या कडेनं चालत जायची. सकाळच्या बॅचला पोहोचायचं तर तिला माझ्या तासभर आधी निघावं लागे. माझे वडील नांदेडहून माझ्यासाठी लेडीज सायकल घेऊन आले होते. मी तिला म्हटलं, ही आपल्या दोघींची. तिनं हँडलला हात लावला नाही. म्हणाली, "नको गं. माझ्या हातनं तुझी बी गेली तर तुला तोंड कसं दाखवू?" मग मीही चालत येते म्हटलं, तर रागावली, तुझा वेळ कामून घालवतीस, म्हणाली. चार दिवस चालले मी तिच्यासोबत. पाचव्या दिवशी सायकल काढली.

जानेवारीत ती बॅचला तीन-चारदा उशिरा पोहोचली. त्या क्लासात उशीर आणि चाचणीचे मार्क दोन्ही बघून बॅच बदलायचे. तिची बॅच उतरली. तिची आई एकदा भेटायला आली, तेव्हा सायकलीचं कळलं. त्या माउलीनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "माणसं गेली तितं गाडीचं काय घेऊन बसायचं." आणि जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेली, लेकीला सांभाळ म्हणून सांगून गेली.

बारावीला मला नांदेडच्या मेडिकलला जागा मिळाली. महानंदाची थोडक्यात हुकली. सायकलीमुळेच हुकली असं मी म्हणणार नाही; परीक्षेत शंभर कारणं असतात. पण सायकलीमुळे नाही हुकली, असंही मला कधी म्हणता आलेलं नाही. ती नर्सिंगला गेली. सुरुवातीला पत्रं आली. त्यांत कधी तक्रार नव्हती. मी एका पत्राला उत्तर दिलं, मग पुढच्यांना दिलं नाही. अभ्यास फार होता हे खरं, पण कारण ते नव्हतं.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी नांदेडला दवाखाना टाकला. एकदा भोकरच्या बाजूला एका खेड्यात मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं, त्यासाठी मला बोलावलं होतं. शाळेच्या ओट्यावर नर्सबाई रांगा लावत होत्या. आवाज ऐकला आणि मी जागीच थांबले. "आं कर, माय. जीभ दाव. शाबास." अंगानं भरली होती, केस कानाजवळ पांढरे झाले होते. तिनं मला पाहिलं आणि रांग सोडून आली. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. "वर्षा, किती बारीक झालीस गं." मग गावच्या आशाताईंना आणि मास्तरांना तिनं माझी ओळख करून दिली. मी डॉक्टर आहे हे ती म्हणालीच नाही. म्हणाली, "ही माझी मैत्रीण. आमी दोघींनी लातुरात पोरांसाठी सायकल स्टँड आणलं हुतं, बारावीला असताना." मास्तरांना ती गोष्ट माहीत होती. आशाताईंनाही. गावात बहुतेक सगळ्यांना माहीत होती. रस्त्याचा, पाण्याचा कसलाही अर्ज करायचा असला की लोक तिच्याकडे यायचे, आणि ती त्यांना आधी हीच गोष्ट सांगायची.

दुपारी डबा खायला आम्ही दोघी शाळेच्या मागच्या वर्गात बसलो. तिनं ज्वारीच्या भाकरी आणल्या होत्या, एक मोडून मला दिली. तिचा मुलगा सातवीत होता, नवरा एसटीत होता, आई तिच्याजवळच राहत होती. ती सांगत होती आणि मी घास हातात धरून बसले होते. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. भिंत, पांढरा ड्रेस, नांदेडच्या मुली, वाटेत तयार केलेलं वाक्य.

तिनं भाकरी झाकून ठेवली. मग म्हणाली, "कुलूप न्हवतंच?"

"नव्हतं."

मी माफी मागायला सुरुवात केली. तुझं शिक्षण, तुझ्या वडिलांची सायकल, असं काहीबाही बोलत गेले. तिनं हातानं थांबवलं.

"गाडीचं ऱ्हाऊ दे. तुझ्या हातनं हरवली म्हणाली असतीस तर मी काय केले असते? दोन दिवस रडले असते." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "ती उदगीरची पोरगी. खरं बोलली म्हून तिचं नाव मी काढले. अन् माझं पयलं ठेवले. साहेबाच्या तोंडावर म्हणाले, मी लावले काय अन् हिनं लावलं काय."

मग तिनं विचारलं, "काय नाव हुतं गं तिचं?" मला आठवत नव्हतं. तिलाही आठवेना. ती वही तिनं बरीच वर्षं ठेवली होती, मग घर बदलताना गेली. ती पुटपुटत एकेक नाव घेऊन बघत होती, सुवर्णा, शांभवी, नीलांबिका. कुठलंच बसत नव्हतं.

बाहेर पोरं जमायला लागली होती. ती उठली, डबा धुतला, पदर खोचला आणि रांगेशी जाऊन उभी राहिली. दुपारचं काम तिनं सकाळइतक्याच मायेनं केलं. एकाही लेकराला तिचा आवाज चढलेला ऐकू आला नाही. मास्तर मध्येच कुणा पाहुण्याला सायकल स्टँडची गोष्ट सांगायला लागले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या सर, जुनी गोष्ट हाय ती." पुढे ती गोष्ट तिनं कुणाला सांगितली की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, नाही.

संध्याकाळी मी गाडीत बसले तेव्हा ती जवळ आली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी काही बोलले असते. तिनं काचेवर हात ठेवला आणि म्हणाली, "सांभाळून जावा. पोचल्यावर फोन करा, मॅडम."

त्याला आता नऊ वर्षं झाली. तिची बदली माहूरकडे झाली. मी फोन करते, ती उचलते. मुलाचं सांगते, आईच्या गुडघ्यांचं औषध विचारते, माझ्या तब्येतीची चौकशी करते. एखाद्या पेशंटला माझ्याकडे पाठवते आणि त्याला सांगून पाठवते की डॉक्टरीण हुशार आहे. कधी टोमणा नाही, कधी जुन्या गोष्टीचा शब्द नाही. मागच्या दिवाळीला माझी मुलगी शेजारी बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, कुणी पेशंट होत्या का? मी म्हटलं, नाही, मैत्रीण. तिला ते पटलं नसावं, कारण पलीकडचा आवाज तिला ऐकू येत होता, आणि तो सगळा वेळ म्हणत होता, तुमी बऱ्या हाव ना, तुमी जेवलाव का, तुमी कवा येणार. मला 'तू' म्हण असं मी तिला एकदा सांगणार होते. पण ते मागायचं कुठल्या तोंडानं, ते मला अजून कळलेलं नाही.